पुढचा आंस बदलतांना

मोटारीचा छंद नाना तऱ्हांचा असतो. कोणी गाडी घांसूनपुसून आरशासारखी ठेवतो, कोणी तिचा वेग वाढविण्याच्या मागें लागतो. परंतु अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत आणि ऑस्ट्रेलियांत असाही एक वर्ग आहे कीं, जो चांगली धडधाकट, चालती गाडी घरीं आणतो, तिचा पुढचा भाग जॅकवर उचलतो, आणि पुढच्या चाकांना धरून ठेवणारी कारखान्यानें केलेली सारी योजना कापून अंगणांत टाकून देतो. तिच्या जागीं तो एखाद्या जुन्या गाडीचा जाडजूड आंस आणून बसवितो, व तो आंस सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्या, सांधे, कमानी असें सर्व कांहीं स्वतःच्या हातानें रचतो. पाहणाराला हा शुद्ध वेडेपणा वाटावा. वेडेपणाचा अंश त्यांत नाहींच असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या कामांत बुद्धीचा जो कस लागतो तो पाहण्यासारखा आहे, आणि तें चुकलें तर जें हातचें जातें तें गाडीहून फार मोलाचें असतें.

आंस म्हणजे काय हें आपल्याकडे सांगावयास नको. बैलगाडी सर्वांच्या पाहण्यांतली आहे. एक सरळ कणा व त्याच्या दोन टोकांना दोन चाकें. एक चाक दगडावर चढलें कीं कणा तिरपा होतो आणि दुसरें चाकही तितकेंच कलतें. १९४१ पासून महायुद्धासाठीं बनूं लागलेल्या विलिस जीपचा पुढचा आंस तत्त्वतः असाच अखंड होता. फरक इतकाच कीं, त्याच्या पोटांत डिफरन्शियलचीं दांतेरी चक्रें होतीं व टोकांना चाकें वळविणारे सांधे होते. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईंत महिंद्रांच्या कारखान्यांत जोडल्या जाऊं लागलेल्या जीपगाड्या याच घडणीच्या, आणि १९८५ सालीं निघालेली मारुति जिप्सीही याच कुळांतली. प्रवासी मोटारींनीं मात्र ही वाट पुष्कळ आधीं सोडली. जनरल मोटर्सच्या १९३४ च्या गाड्यांत पुढचीं दोन चाकें एकमेकांपासून स्वतंत्र झालीं. त्यामागें मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनिअराचे परिश्रम होते. त्यानें अखंड आंस कां टाकला हें पुढें येईलच, कारण या कामांतील सर्वांत मोठा धोका नेमका तेथेंच दबा धरून बसलेला आहे.

आपण एकच उदाहरण घेऊं. टोयोटा कंपनीनें अमेरिकेंत १९७९ सालीं चारही चाकांना जोर देणारा एक छोटा ट्रक आणला. त्याचा पुढचा आंस अखंड होता व तो पट्ट्यांच्या कमानींवर बसविलेला होता. १९८६ च्या गाडीपासून कंपनीनें तो काढून स्वतंत्र चाकांची रचना दिली, आणि कमानींच्या जागीं पीळ सोसणाऱ्या लांब सळया घातल्या. सडकेवर गाडी अधिक सुखाची झाली यांत शंका नाहीं. पण दगडधोंड्यांत निराळेंच दिसूं लागलें. स्वतंत्र चाकाचे हात आंखूड, म्हणून चाक खालीं-वर जाण्याची मर्यादा थोडी. खळगा आला कीं एक चाक अधांतरीं लोंबकळतें व फुकट फिरतें. अखंड आंसाचें तसें नाहीं. एक चाक वर गेलें कीं त्याच तरफेनें दुसरें खालीं दाबलें जातें, आणि दोहोंचीही जमिनीशीं गांठ सुटत नाहीं. शिवाय डिफरन्शियलचें पोट आंसाबरोबरच चालतें, म्हणून त्याच्याखालची मोकळी जागा, गाडी कितीही दबली तरी, टायर देतो तेवढी राहतेच. कॅलिफोर्नियांत सिएरा नेव्हाडा पर्वतांतून टाहो सरोवराकडे जाणारी रुबिकन नांवाची वाट आहे; १९५३ सालीं जॉर्जटाऊनहून तेथें जीपवाल्यांचा पहिला मेळा निघाला. असल्या वाटेवर पस्तीस इंची टायर घालून जाणारांना अखंड आंसाचा मोह कां पडतो हें यावरून ध्यानांत यावें.

तेव्हां जुन्या, म्हणजे १९७९ ते १९८५ च्या टोयोटाचाच आंस मिळवून नव्या ट्रकाला लावणें ही एक सरळ वाट. तिच्या डिफरन्शियलचें मोठें चक्र आठ इंची. ज्यांना याहून बळकट हवें ते डाना कंपनीच्या आंसांकडे वळतात: तीस नंबरचें चक्र सात इंचांच्या थोडेंसें वर, चव्वेचाळीस नंबरचें साडेआठ, आणि साठ नंबरचें पावणेदहा. येथें लोभ आवरावा लागतो. आंस जितका मोठा तितकें त्याचें पोटही मोठें, आणि जें ओझें कमानींच्या खालीं असतें तें प्रत्येक खड्ड्यांत चाकाबरोबर नाचतें. दुसरी अडचण बाजूची. कांहीं आंसांचें पोट डावीकडे असतें, कांहींचें उजवीकडे. गाडींतून पुढें येणारा शाफ्ट ज्या बाजूनें निघतो त्याच बाजूचें पोट हवें. टोयोटाचें उजवीकडे असतें. कोणी स्वस्तांत मिळाला म्हणून डाव्या पोटाचा आंस घरीं आणून बसला तर तो भंगारवाल्याचा फायदा. रुंदीही मोजावी, कारण जुना टोयोटा आंस नव्या ट्रकाच्या मानानें सुमारें तीन इंच अरुंद पडतो.

आतां मुख्य काम. आंस आला, तो गाडीखालीं धरून ठेवावयाचा कशानें? पट्ट्यांची कमान ही यावरची सर्वांत जुनी तोड. ती वजनही झेलते व आंसाला पुढें-मागें, आडवें कोठें सरकूंही देत नाहीं. एकाच नोकरानें पाणी भरावें व दारही राखावें तसा हा प्रकार आहे. म्हणूनच ज्याचें हें पहिलें काम त्यानें पट्ट्यांवरच समाधान मानावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. परंतु दोन कामें करणाराकडून दोन्ही पूर्णपणें होत नाहींत. कमान मऊ केली तर ब्रेक दाबतांच आंस पिळवटतो व पट्टे इंग्रजी एस अक्षरासारखे वळतात. ताठ केली तर गाडी हाडें खिळखिळीं करते. मळसूत्री स्प्रिंग घातली तर ती फक्त वजन झेलते, आणि आंस जागेवर ठेवण्याचें काम निराळ्या दांड्यांकडे जातें. १९६६ च्या फोर्ड ब्रॉन्कोंत, १९७० च्या रेंज रोव्हरमध्यें, १९८४ च्या जीप चेरोकींत कारखान्यांनींच पुढच्या आंसाला हा मार्ग दिला होता.

या दांड्यांचें तत्त्व समजण्यासाठीं माजघरांतल्या झोपाळ्याकडे पाहावें. चार सारख्या कड्यांवर टांगलेली फळी पुढें जावो वा मागें, ती सपाटच राहते. तिच्यावरची पानाची तबकडी कलंडत नाहीं. दोन खालीं व दोन वर अशा चार दांड्या आंसापासून मागें सांगाड्याकडे नेल्या म्हणजे हाच झोपाळा आडवा टांगल्यासारखा होतो: आंस खालीं-वर जातो, पण आपल्याभोंवतीं गिरकी घेत नाहीं. मात्र घरांतल्या कड्या सारख्या लांबीच्या असतात, गाडीखालच्या दांड्या तशा ठेवतां येत नाहींत. वरच्या दांड्यांना इंजिनाची अडचण, म्हणून त्या आंखूड व निराळ्या उताराच्या होतात. मग एक चाक वर व दुसरें खालीं गेलें कीं उजवीकडची जोडी आंसाला एका बाजूस फिरवूं पाहते व डावीकडची दुसऱ्या बाजूस. मधला आंस तर जाड नळीचा. तो पिळला जात नाहीं, म्हणून सारी रचना अडकून बसते. कारखान्यांनीं सांध्यांत जाड रबर घालून ही ओढाताण पोटांत घेतली. घरीं करणारे बहुधा वरची एक दांडीच काढून टाकतात. तीन पायांची तिवई कशाही जमिनीवर डुगडुगत नाहीं आणि चौरंग मात्र डुगडुगतो, हें प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. तीन दांड्यांच्या रचनेचें रहस्य तेंच.

पण तिवईचा एक पाय मोडला तर बसणारा पडतो, हेंही तितकेंच खरें. वरच्या एकट्या दांडीवर किती भार येतो पाहा. खालच्या दांड्यांचे आंसावरचे सांधे जमिनीपासून १४ इंचांवर आहेत, व वरचा सांधा त्यांच्यावर ७ इंच, म्हणजे २१ इंचांवर आहे असें समजूं. ब्रेक दाबला कीं जमीन टायरांना मागें ढकलते. तें बळ दोन हजार पौंड धरलें तर खालच्या सांध्याभोंवतीं त्याची तरफ चौदा इंचांची, आणि तिला तोलून धरणाऱ्या वरच्या दांडीची तरफ अवघी सात इंचांची. म्हणजे वरच्या दांडीवर चार हजार पौंडांचा ताण, आणि खालच्या दोघींवर मिळून सहा हजारांचा दाब. वरचा सांधा तीन इंच उंच नेला तर तोच ताण दोन हजार आठशेंवर येतो. तीन इंचांत एवढी किमया! म्हणून या कामांतले जाणते लोक वरच्या व खालच्या सांध्यांत टायरच्या उंचीच्या सुमारें चौथाई अंतर ठेवावें असें सांगतात. खालच्या दांड्या दगडांवर घांसल्याही जातात. त्यांना दोन इंच व्यासाची, पाव इंच जाडीची, सांच्यावरून ओढून काढलेली नळी वापरण्याची वहिवाट आहे. टोकांना उखळीसारखे फिरते सांधे, आणि एका टोकाला उजवा व दुसऱ्याला डावा आटा. डावा आटा ही चैन नव्हे. त्यामुळें नळी जागेवर नुसती फिरवून दांडीची लांबी कमीजास्त करतां येते.

एवढें झालें तरी झोपाळा आडवा हेलकावतोच. आंस डावी-उजवीकडे सरकूं नये म्हणून एक आडवी दांडी लागते. तिला पॅनहार्ड या जुन्या फ्रेंच मोटार कारखान्याचें नांव मिळालें आहे. तिचें एक टोक सांगाड्याला, दुसरें आंसाला. आणि येथेंच बहुतेक घरगुती कामें बिघडतात, कारण या दांडीचा संबंध कमानींशीं कमी व स्टिअरिंगशीं अधिक आहे. एका टोकाला खिळलेली दांडी कंपासाच्या पायाप्रमाणें वर्तुळाचाच तुकडा काढणार. बत्तीस इंची दांडी सपाट असतांना आंस पांच इंच वर गेला तर तो सुमारें चार दशांश इंच बाजूला सरकतो. तीच दांडी मुळांत तीन इंच तिरपी बसविलेली असेल, तर आंस पांच इंच खालीं जातांना जवळजवळ नऊ दशांश इंच सरकतो. हें सरकणें स्वतः फारसें वाईट नाहीं. वाईट तें हें कीं, स्टिअरिंगच्या पेटीपासून चाकाकडे जाणारी आडवी ओढदांडी निराळें वर्तुळ काढूं लागते. मग चालकानें हात हलविला नाहीं तरी प्रत्येक उंचवट्यावर चाकें आपोआप वळतात. उपाय एकच: या दोन दांड्या परस्परांशीं समांतर व होतां होईल तों सारख्या लांबीच्या ठेवावयाच्या, म्हणजे दोघी मिळून सरकतात आणि चाकाला कळतही नाहीं. जुन्या टोयोटाची ओढदांडी पुढें-मागें चालणारी होती. तिच्याऐवजीं सांध्यांच्या डोक्यावर नवे हात बसवून, नव्या ट्रकाचीच पेटी वापरून, ती आडवी करून घेतात. तेव्हां आमच्या मतें रेखाटनाचा आरंभ स्प्रिंगपासून न करतां ओढदांडीपासून करावा. तिची जागा ठरली कीं पॅनहार्डची ठरते, ती ठरली कीं वरच्या दांडीला उरलेली जागा दिसते, आणि स्प्रिंग कोठेंतरी मावतेच.

एक कोडें अजून राहिलें. सायकलचा पुढचा चिमटा उभा नसतो, मागें कललेला असतो. त्यामुळें हात सोडला तरी चाक सरळ राहतें. मोटारीच्या पुढच्या सांध्यांनाही असाच कल लागतो, अखंड आंसाला साधारण पांच ते सात अंशांचा. आतां गाडी उंच केली म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट तिरपा होतो व त्याच्या क्रॉसवर ताण पडतो, म्हणून शाफ्टाचें तोंड वर करावेंसें वाटतें. पण तोंड व सांधे एकाच नळीवर पक्के जोडलेले! तोंड पांच अंश वर केलें कीं सहा अंशांचा कल एकावर येतो, आणि गाडी सडकेवर दारुड्यासारखी भटकूं लागते. यावर टोकाच्या सांध्यांचें मूळ वेल्डिंग कापून, ते नळीवर हवे तेवढे फिरवून पुन्हां जोडणें हाच खरा उपाय. काम कष्टाचें व बारीक मापाचें आहे. जे तें टाळतात ते दोन्हीकडे थोडथोडी तडजोड करतात, आणि मग दोन्हीकडची तक्रार ऐकत बसतात.

प्रत्यक्ष काम करतांना चांगले कारागीर एक शहाणपण पाळतात: स्प्रिंगा घालीतच नाहींत. आंस जॅकनें वर नेऊन, सर्वांत वरच्या मर्यादेला टेकवून, तेथून बांधणीला सुरुवात करतात. कारण भांडण तेथेंच होतें. आंसाचें पोट इंजिनाच्या तेलाच्या चेंबरला लागतें काय, पॅनहार्ड पोटावर आपटते काय, वरची दांडी सायलेन्सरच्या नळीला घांसते काय, हें गाडी उभी असतांना कधींच दिसत नाहीं. मग एक बाजू वर, दुसरी खालीं, स्टिअरिंग पूर्ण वळवून, अशा सर्व अवस्था पाहावयाच्या; ब्रेकचे रबरी पाइप ताणतात कीं नाहीं तें पाहावयाचें. हें सर्व होईपर्यंत प्रत्येक पाखा फक्त टांक्यांवर ठेवलेला असतो. पक्कें वेल्डिंगही बेतानें. एका बाजूनें सलग रांग ओढली तर उष्णतेनें आंसाची नळी केळ्यासारखी वांकते. म्हणून थोडें इकडे, थोडें तिकडे, मध्यें थंड होऊं देत काम चालतें. डानाच्या आंसांचें मधलें पोट तर ओतीव असतें. त्याला साध्या लोखंडासारखें जोडूं गेलें तर सांधा वरून सुरेख दिसतो व थंड होतांना कडेनें तडकतो. तें आधीं तापवून, निकेलची कांडी वापरून, सावकाश निववावें लागतें. किंवा आंसावरून पुलासारखी एक चौकट घालून वरचा सांधा तिच्यावर बसवावा, जें आम्हांला अधिक बरें वाटतें.

स्प्रिंगांचें गणित त्या मानानें सोपें. एका बाजूवर नऊशें पौंड येत असतील आणि स्प्रिंग इंचाला दीडशें पौंडांची असेल तर ती सहा इंच दबून बसेल, व गाडी मिनिटाला सुमारें ७७ हेलकावे घेईल. हें सुखाचें प्रमाण झालें. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांहून मऊ असाव्या हेंही ऑलीच्याच काळापासून इंजिनिअर पाळीत आले आहेत.

आतां त्याच्या मूळ प्रश्नाकडे येऊं. अखंड आंस त्यानें सुखासाठीं तर टाकलाच, पण त्याला एक रोगही टाळावयाचा होता. फिरतें चाक म्हणजे भोंवराच. भोंवऱ्याला एका दिशेनें कलवूं गेलें कीं तो भलत्याच दिशेला वळतो. अखंड आंसाचें एक चाक खड्ड्यांत गेलें कीं दोन्ही चाकें कलतात; कललीं कीं तीं वळूं पाहतात; वळलीं कीं आंस पुन्हां कलतो. कोठेंही थोडी ढिलाई असली तर हा खेळ वाढत जातो व पुढचीं चाकें थरथर कांपूं लागतात. जीपवाले यालाच मरणकंप म्हणतात. रानांत ताशीं पांच मैलांनीं रांगणाऱ्या गाडीला तो होत नाहीं. घरीं परततांना, मोठ्या रस्त्यावर, भर वेगांत, एखाद्या पुलाच्या सांध्यावरून जातांच तो उठतो, आणि स्टिअरिंग हातांत धरवत नाहीं. मागच्या बाकावर दिवसभर दमलेलीं मुलें झोंपलेलीं असतात तीच ही वेळ. अशा वेळीं न घाबरतां हळूहळू वेग कमी करणें एवढेंच हातीं असतें. पुष्कळ लोक नंतर स्टिअरिंगला एक दणकट डॅम्पर लावतात आणि रोग बरा झाला असें समजतात. तो बरा होत नाहीं, झांकला जातो. बहुधा दोष पॅनहार्डच्या बोल्टांत सांपडतो. बोल्ट किंचित् सैल, त्यामुळें पाख्याचें भोंक लंबगोल झालेलें, त्यामुळें बोल्ट आणखी सैल. कांहीं वेळां अपुरा कल, झिजलेले सांधे किंवा तोल गेलेलें टायर हें कारण असतें. म्हणून प्रत्येक बोल्ट दोन पाख्यांच्या मध्यें धरलेला असावा, एकाच पाख्याला लोंबणारा कधींही नसावा. ज्याला हें खर्चाचें वाटतें त्यानें या वाटेला जाऊंच नये, आणि त्याच्या घरच्या मंडळींनीं त्या गाडींत बसूं नये.

आपल्या देशांत या छंदाला कायद्याचीही आडकाठी आहे. १९८८ च्या मोटर वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपुस्तकांतील तपशील मूळ उत्पादकानें ठरविलेल्या तपशिलाहून निराळे होतील असा फेरफार वाहनांत करतां येत नाहीं, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तीच मर्यादा स्पष्ट केली. तेव्हां थार किंवा बोलेरो कापावयास काढण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत जाऊन यावें हें बरें. अमेरिकेंत राज्याराज्यांचे नियम निरनिराळे आहेत. तेथें शर्यतीची गाडी ट्रेलरवर घालून नेतात, त्यामागें सडकेची ही अडचणही असते.

काम पुरें होऊन गाडी जॅकवरून उतरली म्हणजे तिला लगेच डोंगरावर नेऊं नये. प्रथम मोकळ्या मैदानांत, माणसाच्या चालीनें, दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावी. मग वस्तीबाहेरच्या ओळखीच्या सडकेवर वेग हळूहळू वाढवीत न्यावा, आणि घरीं येतांच गाडीखालीं शिरावें. नवे सांधे पहिल्या कांहीं मैलांत बसके होतात. त्यामुळें घट्ट पिळलेला बोल्टही सैल निघतो. अनुभवी कारागीर प्रत्येक नट पिळून झाल्यावर नटावरून पाख्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवतात. पहिल्या फेरींनंतर कंदील घेऊन खालीं गेलें कीं कोणती रेघ मोडली आहे तें एका नजरेंत दिसतें. ती बहुतेक पॅनहार्डचीच असते. तिचा नट पुन्हां पिळावा, जुनी रेघ पुसावी व नवी ओढावी.